लेव्हल बरोबर आहे

गळत नाही म्हणे! अहो, माझ्या डोळ्यांदेखत गळतंय, रोज सकाळी गाडीखाली गुलाबी डबकं साचतंय, हाताला चिकट लागतंय, वास गोडसर येतोय, आणि सर्व्हिस सेंटरचे हे टायवाले साहेब काचेच्या टेबलापलीकडून हसत हसत मला सांगतात, "मॅडम, पूर्ण तपासणी केली. गळती आढळली नाही." आणि कागद पुढे सरकवतात. कागदावर काय? सगळ्यात खाली, शिक्क्याच्या शेजारी, तीन शब्द... "लेव्हल बरोबर आहे."

आता तुम्ही विचाराल, कसली लेव्हल? मलाही कुठे माहीत होतं! मला वाटायचं गाडीत पेट्रोल घालायचं, काचा पुसायचं पाणी घालायचं, संपलं. पण तुम्हाला सांगते, इंजिन तापतं, आणि त्याला थंड ठेवायला एक गुलाबी पाणी आतल्या आत सारखं फिरत असतं, त्याला म्हणायचं कूलंट, आणि त्याची एक पांढरी टाकी असते, पुढचं झाकण उघडलं की डाव्या हाताला. तिच्यावर दोन रेघा. एक वर, एक खाली. पाणी त्या दोन रेघांच्या मधे असलं की गाडी सुखी आणि आपणही सुखी. खाली गेलं की इंजिन तापणार, बंद पडणार, आणि मग त्याचा खर्च ऐकून आपण बंद पडणार!

गाडी घेतली ह्यांनी. ह्यांनी म्हणजे आमच्या ह्यांनी. पाच वर्षांची वॉरंटी घेतली, मुद्दाम वाढवून घेतली, सगळे कागद एका निळ्या फाइलीत लावले, वर स्वतःच्या अक्षरात तारीख लिहिली, अखेरच्या दिवसाखाली दोनदा रेघ मारली आणि मला म्हणाले, "पाच वर्षं तुला कसली काळजी नाही." आणि स्वतः तिसऱ्या वर्षी गेले. आता काय म्हणायचं ह्याला? गाडीचं कलमन्‌कलम वाचलं माणसाने, बारीक अक्षरातलं सुद्धा वाचलं, आणि स्वतःचं काही वाचलं नाही...

तर मी गाडी शिकले ती त्यानंतर. बावन्नाव्या वर्षी! शिकवणारे मास्तर रोज ओरडायचे, "ताई, समोर बघा! आरशात किती बघता?" अहो, मागे कोणी आपल्यामुळे खोळंबलंय का, ते नको बघायला? पण शिकले. आणि दर शनिवारी टेकडीवर जायला लागले. वर एक बाक आहे. आम्ही दोघं जायचो तिथे, थर्मासमधे चहा घेऊन. थर्मासला झाकण एकच, म्हणून आळीपाळीने प्यायचो. आता आळीपाळी नाही, त्यामुळे चहा फार पटकन संपतो. मग काय करायचं? बसायचं अर्धा तास आणि यायचं परत.

लेक म्हणते, "आई, गाडी विकून टाक ना. टॅक्सी बोलव, सरळ." लेक दुसऱ्या शहरात असते, सहा तासांवर, नोकरी, नवरा, धावपळ. चुकीचं नाही सांगत ती. पण टॅक्सीवाल्याला मी काय सांगू? टेकडीवर ने बाबा, मी बाकावर बसते, तू थांब, आणि परत आण? तो विचारणार, "कोणाकडे जायचंय, काकू?" काय सांगू? कोणाकडे नाही, असंच?

शेवटी लेकीने अट घातली. वॉरंटी आहे तोवर ठेव. त्यानंतर पहिला मोठा खर्च निघाला की गाडी विकायची, वाद नाही. मी म्हटलं, बरं. आणि वॉरंटीला दोन महिने राहिले असताना, बघा नशीब, गाडी गळायला लागली!

तर पहिल्यांदा घेऊन गेले. आता गाडी परक्या माणसांपुढे उघडायची म्हणजे तयारी आलीच ना हो? सकाळी उठले, डबकं पुसलं, फरशी साबणाने घासली. मग पुढचं झाकण उघडलं, तर आत सगळीकडे गुलाबी गुलाबी ओघळ, वाळून खडे झालेले. मी जुना दातांचा ब्रश घेतला आणि कोपरान्‌कोपरा घासून काढला. आणि टाकी रिकामी कशी न्यायची? चार लोक बघणार, म्हणणार, बाईला गाडी ठेवता येत नाही. म्हणून सर्व्हिस सेंटरला पोचल्यावर आधी खालच्या मजल्यावर गेले, सुट्या भागांच्या खिडकीवर, तिथल्या भाऊंकडून कंपनीचीच बाटली घेतली, इंजिन गार झाल्यावर वरच्या रेघेपर्यंत नीट भरली, हात धुतले, आणि मग वर जाऊन तक्रार लिहून दिली.

दोन तास बसले. टायवाले साहेब आले. "मॅडम, गाडी किती छान ठेवलीये हो तुम्ही! आमच्याकडे इतकं स्वच्छ इंजिन येतच नाही." मला इतकं बरं वाटलं! वर्षभरात कोणी काही छान म्हटलं नव्हतं. आणि मग कागद. लेव्हल बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी फोन. एक गोड आवाजाची मुलगी. "आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?" मी म्हटलं, "बाळा, नऊ दिले तर चालतील का?" ती म्हणाली, "नऊ दिले तर मला कारण लिहावं लागतं, मावशी." कशाला उगीच पोरीला त्रास? मी म्हटलं, "लिही, दहा." ती म्हणाली, "अजून काही मदत हवी आहे का?" मी म्हटलं, "नाही नाही, काही नाही." फोन ठेवला. आणि खाली जाऊन बघते तर... गुलाबी!

मग मधे मधे टाकी उतरली की भाऊंच्या खिडकीवरून आणखी एक बाटली आणायची. दुसऱ्यांदा नेली. पुसली, घासली, भरली, नेली. लेव्हल बरोबर आहे. दहापैकी दहा. तिसऱ्यांदा नेली. ह्या वेळी त्यांनी आतमधे हवेचा दाब देऊन बघितला म्हणे, अर्धा तास काटा हलला नाही. लेव्हल बरोबर आहे! मी म्हटलं, "साहेब, अहो रोज गळतंय." साहेब म्हणाले, "मॅडम, एसीचं पाणी असेल." मी म्हटलं, "एसीचं पाणी गुलाबी असतं?" ते इतकं समजावून, इतकं हळू बोलायला लागले ना, लहान मुलांशी बोलतात तसं, "मॅडम, कधी कधी काय होतं, घरी एकटं असलं की माणसाला..." आणि थांबले. मी म्हटलं, "माणसाला काय?" म्हणाले, "काही नाही. कागदावर सही करा."

केली सही. काय करणार? आणि घरी येताना, खरं सांगते, मलाच वाटायला लागलं, खरंच गळतंय ना गं बाई? की मीच...

आणि रविवार उजाडला. रविवारी अकरा वाजता लेकीचा फोन असतो. त्याचीही एक तयारी असते बरं का माझी. कारण काय होतं, शुक्रवारी संध्याकाळी दूधवाल्याशी हिशेबाचं बोललेलं असतं, त्यानंतर रविवारी अकरापर्यंत कोणाशी बोलायची वेळच येत नाही, आणि मग आवाज बसतो. घोगरा येतो. लेक घाबरते. म्हणून मी पावणेअकराला गरम पाणी पिते आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. हवामान, बाजारभाव, काय समोर येईल ते. अकराला आवाज कसा खणखणीत! "आई, कशी आहेस?" "मजेत!" "गाडी?" "गाडीसुद्धा मजेत! लेव्हल बरोबर आहे!"

वॉरंटीला पाच दिवस राहिले. चौथ्यांदा गेले. खालच्या खिडकीवर उभी राहिले, काही बोलायच्या आधी भाऊंनी बाटली काढून ठेवली. जाड भिंगांचा चष्मा, पन्नाशीचे असतील, कधी हसत नाहीत. म्हणाले, "ताई, आठ नेल्यात आतापर्यंत. गाडी पिते की तुम्ही?"

मी म्हटलं, "अहो भाऊ, तुम्ही खाली बाटल्या विकता आणि वरचे म्हणतात गळतच नाही. मग हे जातं कुठे?"

"वर दाखवलं का?"

"तीनदा!"

"भरायच्या आधी दाखवलं, की भरल्यावर?"

मी म्हटलं, "भरल्यावर. रिकामी कशी नेणार? शोभतं का ते?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "आणि आत इंजिनावर ओघळ वगैरे?"

"ओघळ होते ना! पण मी सगळे घासून काढते हो. ब्रशने. अगदी खडासुद्धा ठेवत नाही."

तुम्हाला सांगते, तो कधी न हसणारा माणूस खिडकीला धरून असा हसला, असा हसला, की शेवटी खिडकी बंद करून बाहेर आला आणि मला मागे गॅरेजात घेऊन गेला, मिस्त्रींकडे. मिस्त्री गाडीखाली होते, नुसते पाय दिसत होते. भाऊंनी त्या पायांना सगळी हकीकत सांगितली. पाय हलायचे थांबले. मग मिस्त्री सरकत बाहेर आले, काळे हात, पांढऱ्या मिशा, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ताई, डॉक्टरकडे जाताना तुम्ही ताप उतरवून जाता का हो?"

मी म्हटलं, "हो."

अहो, खरंच! गोळी घेते, वेणी घालते, बरी साडी नेसते, आणि मग जाते. तसंच तापलेलं तोंड घेऊन कसं जायचं?

मिस्त्री कपाळाला हात लावणार होते, पण हात काळे होते म्हणून थांबले. म्हणाले, "ताई, आम्ही डाग बघून ओळखतो. ओघळ कुठून सुरू झाला ते बघतो. तुम्ही डागच ठेवत नाही, टाकी काठोकाठ भरून आणता, मग आम्ही काय लिहिणार? आता पाच दिवस हात लावायचा नाही. पुसायचं नाही, भरायचं नाही. टेकडी बंद. जवळपास चालवा, काट्याकडे लक्ष ठेवा, काटा चढला तर जागेवर थांबा आणि मला फोन करा. आणि शेवटच्या दिवशी जशी आहे तशी आणा."

जशी आहे तशी! सोपं वाटतं ना ऐकायला? तुम्ही करून बघा!

पहिल्या दिवशी डबकं बशीएवढं. दुसऱ्या दिवशी ताटाएवढं. मी दुपारी चार वेळा खाली जाऊन बघून आले. हात नुसते शिवशिवतात हो! फडकं घेतलं, परत ठेवलं, घेतलं, परत ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यावरून म्हणाल्या, "अहो, तुमच्या गाडीखाली काहीतरी सांडलंय." मी म्हटलं, "हो, ठेवलंय." त्या म्हणाल्या, "ठेवलंय?" मी म्हटलं, "पाच दिवस ठेवायचंय." त्या दिवसापासून त्या जिन्याच्या पलीकडच्या कडेने जायला लागल्या. तेवढं एक माणूस जाता-येता बोलायचं, तेही गेलं!

शेवटचा दिवस. दुपारचे चार, सेंटर सहाला बंद. जशी आहे तशी नेली. साहेबांनी पुढचं झाकण उघडलं आणि टाकीकडे बघून मागेच सरकले. "मॅडम! लेव्हल किती खाली गेलीये! तुम्ही लक्ष देत नाही का? भरायला नको?"

काय बोलणार? बोला, काय बोलणार!  तोवर मिस्त्री बॅटरी घेऊन आले, आत प्रकाश टाकला, "हा बघा." कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या खालून निघालेला लांबच्या लांब गुलाबी ओघळ. साहेब म्हणाले, "अरेच्चा! हे तर स्पष्ट गळतंय! मॅडम, इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

मी निळी फाइल काढली आणि तिन्ही कागद त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी वाचले. चेहरा पडला. मग एकदम सावरले आणि म्हणाले, "पण मधल्या काळात तुम्ही घरचं साधं पाणी घातलं असेल, तर वॉरंटी बाद होते हं, मॅडम."

 गाडी गेली म्हटलं. टेकडी गेली, बाक गेला. ह्यांची दोनदा मारलेली रेघ डोळ्यांपुढे आली. आणि तेवढ्यात मागून आवाज, "आठ बाटल्या." भाऊ! खिडकी बंद करून आलेले. "आठ बाटल्या, ह्याच गाडीच्या नंबरावर, आपल्याच सेंटरच्या. संगणकात बघा. साधं पाणी घालणाऱ्यातल्या ह्या ताई नाहीत. इंजिनाला दात घासून आणतात त्या."

साहेबांनी संगणकात बघितलं. माझ्याकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. आणि पाऊण तास आधी, ऐका बरं, सेंटर बंद व्हायच्या, म्हणजे वॉरंटीच संपायच्या पाऊण तास आधी, शिक्का मारला! नवीन पंप, वॉरंटीत!

मिस्त्रींनी दोन दिवसांनी जुना पंप मला दाखवला. म्हणाले, "हा इथून रडायचा, ताई. तापला की थेंब थेंब. गार झाला की गप्प. चार चांगल्या पंपांत ठेवला तर कोणाला कळायचं नाही." मी त्याच्याकडे बघत राहिले. म्हटलं, "देता का मला?" ते म्हणाले, "काय करणार?" खरंच, काय करणार होते? म्हटलं, "राहू दे."

गाडी घरी आली. सकाळी खाली गेले फडकं घेऊन, तर फरशी कोरडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी कोरडी. तिसऱ्या दिवशी कोरडी. आनंद झालाच हो! पण फडकं हातात, आणि पुसायला काही नाही... सेंटरला जायचं कारण नाही, भाऊंच्या खिडकीवर काम नाही. गोड आवाजाच्या मुलीचा शेवटचा फोन आला, दहापैकी दहा दिले, ती म्हणाली, "तुमची तक्रार आता कायमची बंद केली आहे, मावशी." मी म्हटलं, "कायमची?" ती म्हणाली, "हो, अभिनंदन!"

शनिवारी टेकडीवर गेले. बाकावर बसले. मिस्त्रींचं बोलणं डोक्यातून जाईना. जशी आहे तशी आणा. आणि मनात म्हटलं, उद्या रविवार. उद्या गरम पाणी नाही, वर्तमानपत्र नाही. जसा आहे तसा!

अकराला फोन वाजला. "आई, कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी." पण तो आवाज ऐकून मीच दचकले, कुठल्या कुठे खोल गेलेला! लेक म्हणाली, "आई? आवाजाला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं. दोन दिवस बोलले नाही कोणाशी, म्हणून बसला." ती म्हणाली, "दोन दिवस?" मी म्हटलं, "दर रविवारी असाच असतो. मी तुझ्या फोनच्या आधी पेपर वाचून सरळ करून घेते." ती मग अगदी हळू म्हणाली, "शुक्रवारी येते मी. चार दिवस राहते. आपण नीट बोलू." आणि फोन ठेवताना, अहो, चक्क तिचाच आवाज बसला होता!

लेक येणार! चार दिवस! मला काय करू न काय नको असं झालं. आता लेक येणार म्हटल्यावर घर असं ठेवायचं का हो? पडदे धुतले. जळमटं काढली. फ्रिज घासला आणि फळं-भाज्यांनी गच्च भरला. केसांना रंग लावला. दोन महिने न घातलेले फिरायचे बूट पुसून दाराशी ठेवले. वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेले, डबक्याची सगळी हकीकत समजावून सांगितली, त्या खूप हसल्या, त्यांना म्हटलं शुक्रवारी चहाला याच. आणि शुक्रवारी सकाळी गरम पाणी प्याले आणि अख्खा पेपर मोठ्याने वाचून काढला, निविदांसकट!

लेक आली. आल्या आल्या माझा चेहरा न्याहाळला. मग सगळ्या घरातून फिरली, फ्रिज उघडून बघितला, दाराशी बूट बघितले. तेवढ्यात बाई आल्या, चहा झाला, हसणं-खिदळणं झालं, आणि लेकीच्या कपाळावरची आठी, माझ्या डोळ्यांदेखत, हळूहळू उलगडत गेली. संध्याकाळी ती गॅलरीत जाऊन जावयांशी फोनवर बोलत होती. मी दोरीवरचे कपडे काढायला गेले होते, कानावर आलं.

"नाही रे, मी उगीच घाबरले. सगळं बघितलं मी. आई एकदम ठणठणीत आहे. हो, उद्याच निघते."

तपासणी पूर्ण! नुसता शिक्का मारायचा राहिला होता!

सकाळी तिला सोडायला मीच गेले, गाडी घेऊन. उतरताना तिने गळ्यात हात टाकला. "आई, किती छान ठेवलंयस गं सगळं. अजून काही हवंय का तुला? सांग हं, खरं सांग."

आता तुम्हीच सांगा, त्या पोरीला काय दोष द्यायचा? घासून, पुसून, वरच्या रेघेपर्यंत भरून ठेवली होती कोणी?

मी म्हटलं, "काही नको गं. जा तू. लेव्हल बरोबर आहे."